तिकीट उंचीचं, दिसणं हवेचं

गेल्या अंकात नकाशा कसा वाचावा हे सांगताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की अनोळखी शहर समजून घ्यायचं तर एकदा तरी तिथल्या उंच इमारतीवर जाऊन खाली बघावं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकलंय. दोघा-तिघांनी माझा अधिकारही विचारलाय. सांगते. एकतीस वर्षं मी नकाशे काढले, त्यामुळे जमीन वरून बघायची सवय होती, पण ती कागदावर. खरोखरच्या उंचीवर पहिल्यांदा गेले तेव्हा पंधरा मिनिटं भिंतीला पाठ टेकून उभी होते. निवृत्त झाल्यावर लेकीच्या मागे हिंडता हिंडता आठ-दहा ऑब्झर्व्हेशन डेक, म्हणजे उंच इमारतींवरच्या शहर बघायच्या जागा, बघून झाले. तेवढ्या भांडवलावर ही उत्तरं.

प्रवासात एका गगनचुंबी इमारतीचा डेक बघायचा बेत आहे. खालच्या डेकचं तिकीट स्वस्त, अगदी वरच्याचं जवळजवळ दुप्पट. एकदाच जायचं तर वरचंच घ्यावं ना? – एक निवृत्त मुख्याध्यापक

सर, याचं निम्मं उत्तर तुम्ही शाळेत शिकवलेल्या वर्गमुळात आहे. क्षितिज किती लांब दिसणार हे उंचीवर नाही, उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, ३.५७ ने गुणायचं, किलोमीटर हातात येतात. जमिनीवर उभ्या माणसाचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं. १०० मीटरवर गेलात की ३६, आणि ४०० मीटरवर ७१. उंची चौपट झाली तेव्हा कुठे पल्ला दुप्पट.

आता हे तिकिटाला लावून बघा. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचा ८६व्या मजल्यावरचा डेक ३२० मीटरवर आहे आणि १०२व्या मजल्यावरचा ३८१ मीटरवर. क्षितिज ६४ किलोमीटरवरून ७० वर सरकतं. या सहा किलोमीटरांसाठी तुम्ही मोकळी गच्ची सोडून काचेच्या खोलीत जाता, कारण ८६वा मजला उघडा आहे, वारा तोंडावर येतो, आणि १०२वा बंद. दुबईच्या बुर्ज खलिफात १२४व्या मजल्यावरचा डेक ४५२ मीटरवर, १४८व्यावरचा ५५५ मीटरवर. तिथे ७६चे ८४ होतात.

आणि हे सगळं कोऱ्या कागदावरचं गणित झालं. मध्ये हवा आहे. तिच्यात धूळ आहे, धूर आहे, बाष्प आहे. हवामानाच्या अंदाजात दृश्यमानतेचा आकडा असतो, तो बघण्याची तसदी कोणी घेत नाही. तो पाच किलोमीटर असेल तर ८४ किलोमीटरच्या क्षितिजाचं काय लोणचं घालायचं? चांगला पाऊस होऊन गेला, वारा सुटला, की दुसऱ्या दिवशीची सकाळ साधा. धुऊन काढलेल्या हवेत २०० मीटरवरून जे दिसतं ते मळक्या हवेत ५०० मीटरवरून दिसत नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर शहर बघायला २५० ते ३५० मीटर पुरेत. त्याच्यावर गेलं की इमारतींचे चेहरे जातात, नुसती डोकी उरतात, आणि सगळं माझ्या टेबलावरच्या नकाशासारखं सपाट होतं. आयफेल टॉवरचा दुसरा टप्पा जेमतेम ११६ मीटरवर आहे. तिथून खिडक्या मोजता येतात, पुलावरची माणसं दिसतात, कोण थांबलंय नि कोण घाईत आहे तेही कळतं. मी अगदी टोकापर्यंत जाऊन पुन्हा दुसऱ्या टप्प्यावर येऊन बसले होते.

शिवाय शहरातल्या सगळ्यात प्रसिद्ध इमारतीवर चढलात तर ती तेवढी दिसत नाही! एम्पायर स्टेट बघायची असेल तर रॉकफेलर सेंटरच्या माथ्यावर जावं लागतं. हे लोकांच्या तिकीट काढल्यावर लक्षात येतं.

वरच्या तिकिटाच्या बाजूने एकच गोष्ट सांगेन. तिथे गर्दी कमी असते. गुडघे दुखत असतील आणि खिडकीपाशी निवांत बसायचं असेल, तर जास्तीचे पैसे उंचीला नाही, बाकाला दिले असं समजा.

आम्ही दोघी मैत्रिणी जाणार आहोत. दिवसा जावं की रात्री? एकाच तिकिटात दोन्ही बसवता येईल का?

येईल. सूर्यास्ताच्या सव्वा-दीड तास आधी वर पोचा. खालच्या रांगेचा वेळ त्यात धरू नका, तो वेगळा. बहुतेक ठिकाणी आत शिरण्याची वेळ ठरलेली असते, बाहेर पडण्याची नसते. काही ठिकाणी ती असते, म्हणून तिकिटावरचा बारीक मजकूर वाचून घ्या.

भर दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर असलं की सावल्या नसतात, आणि सावली नसली की उठाव नसतो. नकाशात डोंगर दाखवताना आम्ही एका बाजूला छटा देतो, ती उगाच नाही. तिरपं ऊन हेच काम फुकट करतं. प्रत्येक इमारत शेजारणीवर सावली टाकते आणि कोण पुढे, कोण मागे हे एकदम कळतं.

आता सूर्यास्त. उंचावर तो उशिरा होतो, कारण क्षितिज खाली गेलेलं असतं. साडेपाचशे मीटरवर हा फरक तीन मिनिटांच्या आसपास येतो. म्हणजे खाली रस्त्यावर सूर्य बुडालेला बघून तुम्ही क्षणात वर पोचू शकलात तर तोच सूर्य पुन्हा बुडताना दिसेल. दुबईत २०११ मध्ये याच कारणाने तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी बुर्ज खलिफाच्या रहिवाशांना सांगितलं की ८०व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, १५०व्याच्या वरच्यांनी तीन.

त्या वेळी सगळा डेक पश्चिमेला लोटतो. फोन वर, कोपरं बाहेर. माझं ऐकाल तर त्या वेळी पाठ फिरवा आणि पूर्वेच्या काचेपाशी जा. तिथे कुणी नसतं. मी एकदा गर्दीला कंटाळून गेले आणि खालचं दृश्य बघून तिथेच खिळले. ज्या इमारतीवर मी उभी होते तिची सावली शहरावर पडली होती. सूर्य क्षितिजापासून पाच अंशांवर असेल तर ४०० मीटर उंच इमारतीची सावली साडेचार किलोमीटर लांब जाते आणि तिचं टोक मिनिटाला साधारण दोनशे मीटर पळत असतं. हे मी घरी येऊन काढलं; तिथे फक्त बघत होते. सावलीचं टोक एका मैदानाच्या कडेला होतं. मैदानावर मुलं खेळत होती, ठिपक्यांएवढी. टोक त्यांच्यावरून गेलं, मग पलीकडच्या झाडांवर चढलं, मग एका लांबड्या पत्र्याच्या छपरावर. छप्पर चकाकत होतं ते एका बाजूने विझत गेलं, जसं कुणी पांघरूण ओढावं. कुठल्याही मुलाने वर पाहिलं नाही. त्यांच्या लेखी ऊन गेलं, इतकंच.

सूर्य बुडाल्यावरही पूर्वेलाच दहा मिनिटं थांबा. क्षितिजालगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी झाक असते. तो पट्टा म्हणजे हवेवर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. मग दिवे लागतात. काळोख पूर्ण होण्याआधीची ती पंचवीस-तीस मिनिटं, आकाश गडद निळं आणि खाली दिवे, ही सगळ्यात देखणी. त्यानंतर नुसते दिवे उरतात, आणि मला विचाराल तर अर्ध्या तासात ते सगळे एकसारखे दिसू लागतात.

यजमानांना उंचीची भीती वाटते, पण कबूल करत नाहीत. तिकिटं काढून झाली आहेत. काय करावं?

वहिनी, आधी त्यांना हे सांगा की यात भित्रेपणा कमी आणि शरीराचं यंत्र जास्त आहे. उभं असताना माणूस सतत किंचित डुलत असतो. जवळची भिंत, खांब, टेबल डोळ्यांना सांगत राहतं की एवढा कललास, आणि स्नायू सावरून घेतात. उंचावर समोरची सगळ्यात जवळची वस्तूच चारशे मीटर लांब असते. डुलणं तळपायांना कळतं, आतल्या कानाला कळतं, डोळ्यांना मात्र कळत नाही. तिघांची साक्ष जुळली नाही की गरगरतं.

म्हणून उपाय साधा आहे. नजरेच्या कडेला काहीतरी जवळचं आणि न हलणारं ठेवायचं. खिडकीची चौकट, कठड्याचा दांडा, तुमचा खांदासुद्धा चालेल. एक हात त्याला लावून ठेवायचा. आधी लांब क्षितिजाकडे बघायचं, मग हळूहळू नजर खाली आणायची. लगेच पायाखाली बघायचं नाही. मान वर करून सरकणारे ढग तर मुळीच बघायचे नाहीत, त्याने इमारतच पडतेय असं वाटतं. दुर्बीण पहिल्या अर्ध्या तासात नको. आणि बसायला मिळालं तर बसावं.

काचेच्या जमिनीवर त्यांना ओढू नका. टोरंटोच्या सीएन टॉवरमध्ये १९९४ पासून अशी जमीन आहे, ३४२ मीटरवर. शिकागोच्या विलिस टॉवरमध्ये १०३व्या मजल्यावरून, ४१२ मीटरवर, काचेच्या पेट्याच इमारतीबाहेर काढल्या आहेत. तिथे २०१४ मध्ये काही पाहुण्यांच्या पायाखाली काच तडकल्यासारखी झाली होती. तडकलं होतं ते वरचं संरक्षक आवरण, भार पेलणारी काच नव्हे. पण ही माहिती यजमानांना वर गेल्यावर सांगू नका.

इमारत हलते का, असा त्यांचा पुढचा प्रश्न असणार. हलते, वाऱ्यात उंच इमारतीने थोडं हललंच पाहिजे. तैपेई १०१ या ५०८ मीटर उंच इमारतीत त्यासाठी ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे. इमारत एकीकडे झुकू लागली की गोळा मागे रेंगाळतो आणि तिला आवरतो. २०१५ च्या ऑगस्टमधल्या वादळात तो मधल्या जागेपासून एक मीटर झुलला. तो गोळा पाहुण्यांना बघता येतो, सोनेरी रंगाचा आहे. मला तर बाहेरच्या दृश्यापेक्षा तोच जास्त आवडला. घाबरलेल्या माणसाला खिडकीपासून लांब नेऊन दाखवायला उत्तम!

एवढं करूनही नाहीच जमलं तर लाज नाही. जर्मन कवी गटे तरुणपणी स्ट्रासबुर्गला शिकत होता तेव्हा त्यालाही उंचीवर चक्कर यायची. तो तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर एकटाच चढायचा, उघड्यावर उभा राहायचा, आणि भीती बोथट होईपर्यंत त्याने हे पुन्हा पुन्हा केलं. पुन्हा पुन्हा हा त्यातला महत्त्वाचा शब्द आहे. तुमच्याकडे एकच तिकीट आहे, तेव्हा एका फेरीत गटे व्हायची अपेक्षा नको.

नात चार वर्षांची आहे, तिला सारखी सर्दी असते. वेगवान लिफ्टमध्ये कान दुखतील का? – एक आजोबा

आजोबा, चारशे मीटर चढलं की हवेचा दाब साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी होतो. विमानाच्या मानाने हे काहीच नाही, पण लिफ्ट ते मिनिटाभरात करते. तैपेई १०१ ची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून ८९व्यावर ३७ सेकंदांत जाते, आणि तिच्यात दाब सांभाळायची खास सोय आहे. चढताना कान सहसा आपोआप मोकळे होतात. त्रास उतरताना जास्त, कारण घशाकडची नळी तेव्हा आपण होऊन उघडत नाही, गिळावं लागतं. म्हणूनच तीच लिफ्ट चढताना मिनिटाला १०१० मीटर धावते आणि उतरताना मुद्दाम ६०० वर ठेवतात.

उतरताना तिला घोट घोट पाणी प्यायला द्या, किंवा गोष्ट सांगायला लावा. झोपली असेल तर लिफ्टमध्ये शिरण्याआधी उठवा. कान वाहत असेल किंवा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

मागच्या वेळी वरून काढलेल्या प्रत्येक फोटोत काचेवरचे दिवे आणि माझंच प्रतिबिंब आलं. काय चुकलं?

कपडे चुकले असावेत. हसू नका, मी स्वतः हळदी रंगाचा कुडता घालून गेले होते. सत्तेचाळीस फोटो काढले आणि सत्तेचाळीसही फोटोंत शहराच्या मधोमध पिवळा ढग. जावई म्हणाला, आई, तुम्ही शहरावर छान उगवलाय.

काळे किंवा गडद कपडे घाला. भिंग काचेला अगदी टेकवा. फोन असेल तर त्याचं कव्हर काढा, म्हणजे मध्ये फट राहत नाही. गडद ओढणी किंवा जॅकेट फोनभोवती तंबूसारखं धरा. फ्लॅश बंद. काच आधी आपल्या बाजूने पुसून घ्या, आधीच्या पोरांची बोटं त्यावर असतात. फोन काचेला टेकला की हातही स्थिर राहतो, संध्याकाळी ते फार उपयोगी पडतं, कारण तिपाई बहुतेक डेकवर चालत नाही. कॅमेऱ्यावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी भिंगापुढची काच, लावत असाल तर काढून ठेवा. कडक केलेल्या काचेतला ताण त्यातून इंद्रधनुषी पट्ट्यांसारखा दिसतो. आणि आतले दिवे लागण्याआधी जे काढायचं ते काढून घ्या.

हे सगळं घरबसल्या पडद्यावर फुकट दिसतं. मग डोंगराएवढे पैसे खर्चून लिफ्टमध्ये कोंबून घ्यायची हौस कशाला? – रागावू नका

रागावले नाही. पैशांबद्दल तुमचं बरोबरच आहे. हा धंदा आहे आणि जुना आहे. एम्पायर स्टेट १९३१ मध्ये उघडली तेव्हा मंदीमुळे भाडेकरू मिळेनात, लोक तिला 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामी, म्हणून चिडवत. त्या दिवसांत डेकच्या तिकिटांनीच तिला हात दिला. तिकिटाच्या खिडकीपासून वरपर्यंत पोचायच्या आत तुमचा फोटो काढून तो विकायला ठेवतात, तेही मला आवडत नाही.

तरी पडद्यावर एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे कुठे बघायचं हे आपण ठरवणं. माझी पद्धत सांगते. वर गेल्यावर आधी एक रेघ निवडायची, नदी किंवा रेल्वेचा रूळ. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्यांनी चालत जायची, सावकाश. रेघ कुठे वाकली, का वाकली, तिच्या एका अंगाला दाट वस्ती आणि दुसऱ्या अंगाला गोदामं असं का, हे प्रश्न आपोआप पडतात. खिशात शहराचा साधा कागदी नकाशा असावा, तो समोरच्या दिशेला फिरवून धरावा. लांबचं धुरकट सोडून द्या, पायाखालचंही सोडा. एक ते पाच किलोमीटरचा जो मधला पट्टा आहे तिथे शहर सगळ्यात छान वाचता येतं. यात तास कसा जातो कळत नाही. आणि नाहीच आवडलं तर मला पुन्हा पत्र लिहा, रागावून लिहिलंत तरी चालेल.

आम्ही गेलो त्या दिवशी ढगाशिवाय काही दिसलं नाही. पैसे वाया गेले.

तळाशी उभं राहून वर बघायचं. तिथून इमारतीचा माथा दिसत नसेल तर माथ्यावरून तुम्हीही दिसणार नाही. बऱ्याच ठिकाणी तिकीट देताना वर काय दिसतंय हे विचारलं की सांगतात, आणि काही ठिकाणी दुसऱ्या वेळचं तिकीट बदलून मिळतं, पण ते वर जाण्याआधी. ढग पायाखाली असेल आणि सूर्य पाठीशी, तर मात्र जाच. आपली सावली ढगावर पडते आणि डोक्याभोवती रंगीत कडं दिसतं. माझ्या वाट्याला ते अजून आलेलं नाही.

माझ्या वाट्याला आला तो नुसता पांढरा पडदा. नाव सांगत नाही, एका मनोऱ्यावर पावणेदोन तास. बाकीचे लोक पाच मिनिटं थांबून शिव्या घालत खाली गेले. मी, लेक आणि झाडू मारणारी एक बाई एवढेच उरलो. त्या बाईने खुणेनेच सांगितलं, थांबा, फाटेल. आणि फाटला की ढग, जेमतेम मिनिटभर, ताटाएवढा गोल. त्या गोलात एक गच्ची होती. गच्चीवर वाऱ्याने उलटलेली एक पिवळी खुर्ची, आणि एक माणूस ती सरळ करत होता. सरळ केली, हाताने पुसली, बसला, आणि ढग मिटला.

लेक तोवर लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, दिसलं का काही? म्हटलं, खुर्ची.